ज्वारी उरली कशी

नानांनी मला ‘कशी हायस’ असं एकदाही विचारलं नाही. ‘किती हायस’ असं विचारायचे. मी आकडा सांगायचे, ते ‘बरं’ म्हणायचे आणि पुढच्या बोलण्याला लागायचे. आता ते पुण्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये असतात. मी इकडं गुजरातेत, वापीजवळ एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. महिन्या-दोन महिन्यांनी फोन होतो, तरी सुरुवात तीच.

“किती?”

“त्रेपन्न, नाना.”

“बरं हाय.”

मग तिकडचा पाऊस, इकडचा पाऊस, पोरीचा अभ्यास, आणि फोन बंद.

नाना हे त्यांचं नाव नव्हे, मी त्यांना तसं म्हणायचे. गाव काटेवाले म्हणायचं. बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यावर त्यांनी एकतीस वर्षं वजनकाट्यावर नोकरी केली. उसाची ट्रॉली भरलेली आली की एक वजन, रिकामी होऊन निघाली की दुसरं वजन, मधला फरक तो ऊस. त्यातून पाचटाची, बांधणीची वजावट. एवढंच काम, एकतीस हंगाम. रिटायर होऊन ते बीड जिल्ह्यातल्या कडा या आपल्या गावी, घरी आले आणि तेच काम त्यांनी स्वयंपाकघरात सुरू केलं.

घरात शिरलं की उजव्या हाताला काटा होता. अडतीच्या दुकानातला जुना, बसका, लोखंडी पाटीचा. दुकान बंद पडलं तेव्हा भंगाराच्या भावात घेऊन त्यांनी स्वतः दुरुस्त केलेला. त्याच्यावर पोतं चढायचं, गॅसची टाकी चढायची, भाजीची पिशवी चढायची आणि माणूसही चढायचं. आम्ही त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आलो, तेव्हा सामान उतरवायच्या आधी त्यांनी आम्हा तिघांना एकेक करून काट्यावर उभं केलं. माझे मालक हसले.

“नाना, आमाला इकायचंय का बाजारात?”

“खाणारं वजन किती ते कळाया नगं का? हौद एक, चूल मागंपुढं, उंदरं सामायिक. चढ.”

मालक एकसष्ट, मी सेहेचाळीस, पोरगी पंधरा. पोरगी पाच वर्षांची होती. ती काट्यावर चढली आणि उतरायलाच तयार होईना. नानांनी तिच्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, “ही टायरगाडी हाय.” कारखान्यावर ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि सगळ्यात लहान बैलांची टायरगाडी. तेव्हापासून पोरगी टायरगाडी, मालक ड्रायव्हर, आणि मी ‘बाई’.

बाजारच्या दिवशी त्यांच्यासोबत जायचं म्हणजे मला लाज वाटायची. खिशात आकडीचा लहान ताणकाटा असायचा. मेथीची जुडी उचलायची, तीनदा झटकायची, पाणी गाळायचं, मुळं चाचपायची, मग आकडीला लटकवायची. एक भाजीवाली होती, तोंडाची तिखट. ती म्हणायची, “काटेवाले, मेथी घ्यायलाव का तिचं लगीन ठरवायलाव?”

“माती तुझी, पाणी तुझं. ते ठिव. मला पाला दे.”

“आन मुळं?”

“मुळाचे पैसे कावून देऊ? मी काय झाड लावायलोय?”

“नाना, तुमच्या घरी सून नांदली न्हाई ती यामुळंच बघा.”

“ती पुण्यात नांदायली. तिथं जुडी साठ रुपयाला हाय.”

बाई हसायची आणि दोन काड्या वर टाकायची. नाना त्याही झटकून घ्यायचे.

वाटाण्याच्या शेंगा त्यांनी आयुष्यात एकदाच आणल्या. सोलल्या, दाणे वेगळे, टरफलं वेगळी, दोन्ही काट्यावर. टरफलं जास्त भरली. त्यानंतर त्यांच्या घरात हिरवा वाटाणा आला नाही. कोबीची वरची पानं बाजारात लोक काढून टाकतात, ती ते मागून आणायचे आणि बारीक चिरून डाळीत टाकायचे. फ्लॉवरचे दांडे, मुळ्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या, दुधीची साल, सगळ्याला ते ‘निव्वळ’ म्हणायचे. पोटात जातं ते निव्वळ, बाकी वजावट. वजावट जेवढी कमी, तेवढं घर चांगलं. दुसरा धर्म त्यांना ठाऊक नव्हता.

गिरणीवाल्याशी त्यांचं कायम वाजायचं. दळण नेताना वजन, आणताना वजन.

“पावशेर कमी हाय बे.”

“नाना, पीठ उडतंय ओ. गिरणी हाय ही.”

“उडू दे ना. माझ्या घरी येऊन उडू दे.”

शेवटी गिरणीवाल्यानं त्यांच्यासाठी डब्याच्या तोंडाला फडकं बांधायला सुरुवात केली. आठवड्याभरात सगळ्या गल्लीसाठीच बांधायला लागला, कारण बायका विचारायला लागल्या की काटेवाल्याला फडकं, आमाला का न्हाई.

त्यांची आमटी मात्र भयंकर असायची. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि नऊ वर्षं ते स्वतःच्या हातचं खात होते. डाळ सकाळी भिजत घालायची, एक उकळी आणायची, गॅस बंद करायचा आणि पातेलं झाकणासकट गोधडीत गुंडाळून खाटेवर ठेवायचं. आतल्या आत शिजते. पोरगी तिकडं पळाली की ते बोट ओठावर धरायचे. “हळू. आमटी झोपलीय.” पोरगी कितीतरी दिवस खाटेजवळून चवड्यावर चालायची. दर रविवारी सकाळी गॅसची टाकी काट्यावर. आठवड्यात किती उतरली, ते बोटावर मोजायचे आणि जरा वाढली असली तर अख्खा दिवस तोंड पाडून बसायचे. पाहुणे आले म्हणून वाढली तर पाहुण्यांनाच सांगायचे.

एकदा भावकीतल्या लग्नाला गेलते. जेवून उठले आणि सगळे आहेराकडं गेले तर हे उष्ट्याच्या टोपल्याकडं. ताणकाटा लावून टोपलं उचलून बघायला लागले. नवरदेवाचा चुलता धावत आला. “अहो नाना, इज्जतीचा पंचनामा करायला आलाव का?” नाना शांतपणे म्हणाले, “दोन ट्रॉल्या माणूस जेवलं आन एक टायरगाडी उष्टं निघालं. पोरगं चांगलं हाय तुझं. आचारी बदल.” त्या घरचं नंतर त्यांना निमंत्रण आलं नाही. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. जाण्यायेण्याचं तिकीट वाचलं म्हणाले.

एवढं सांगितलं की माणूस चिक्कू होता असं कुणीही म्हणेल. मी पण म्हणायचे, मनात. तोंडावर म्हणायची माझी हिंमत नव्हती. मी तेव्हा कुणालाही काही म्हणायला भ्यायचे.

माझं माहेर शिरूर कासारच्या बाजूचं. दसरा झाला की आमच्या वस्तीत कुत्री आणि म्हातारी माणसं उरायची, बाकी सगळे ऊसतोडीला जायचे. आठवीत सहामाहीच्या आधी आईनं मला कारखान्यावर सोबत नेलं. बारक्या भावाला सांभाळायला आणि कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या खोपटात, भाकरी थापायला माणूस लागत होतं. परत आल्यावर शाळेत जाऊ म्हणाले होते सगळे. परत आले तेव्हा वर्ग पुढं गेलता, आणि त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. लग्नानंतर मी आणि मालक मिळून एक कोयता झालो. ऊसतोडीत जोडप्याला एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे, घरात खायला आणायचं आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. पोरगी कोपीवरच रांगायला लागली.

पुढं मालकांना कड्यात एका माणसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हरकी मिळाली, म्हणून आम्ही तिथं आलो. जूनमध्ये पोरीचं नाव पहिलीत घातलं. अडचण एकच होती. आखाड लागला की ट्रॅक्टरला काम नसायचं. दसऱ्यानंतर परत मिळायचं. मधले शंभर दिवस घरात बसून खायचं. शंभर दिवस घरातली ज्वारी पुरली, तर उचल घ्यायची गरज नव्हती. नाही पुरली, तर मुकादम होताच, आणि मग दसऱ्यानंतर पोरगी शाळेतून कोपीवर. मी ज्या वाटेनं गेलते त्याच वाटेनं, फक्त सात वर्षं आधी.

हे मी नानांना सांगितलं नव्हतं. त्यांनी पोतं काट्यावर चढवताना ओळखलं असावं. आखाडाच्या पहिल्याच दिवशी मला बोलावलं.

“ऐंशी किलो हाय. तू, ड्रायव्हर आन टायरगाडी मिळून दिवसाला नऊशे ग्राम खाताव. एकोणनव्वद दिवस पुरंल. दसरा शंभराव्या दिवशी हाय.”

“मग?”

“मग काय? अकरा दिवस कमी पडतेत.”

ते अकरा दिवस माझ्या डोक्यात घुसले ते निघालेच नाहीत. नाना मात्र खुशीत होते. त्यांना असं काहीतरी नेमकं हवंच असायचं. रोज सकाळी ते मला बांधावर पिटाळायचे. तांदुळजा, घोळ, पाथरी, जे उगवलं ते खुडून आणायचं. पालेभाजी जास्त आणि भाकरी कमी, असं पोटाला शिकवायचं. सकाळी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं प्यायचं, म्हणजे न्याहारीची भाकरी वाचते. भाजी नसेल त्या दिवशी येसराची, म्हणजे भाजल्या धान्याच्या मसालापिठाची, आमटी. भाकरी थापताना परातीत सांडलेलं पीठ पुसून परत गोळ्यात. शिळ्या भाकरीचा कुस्करा. कोबीची वरची पानं आता दोन घरांची आणायला लागले. त्यांनी एकही दाणा स्वतःच्या पोत्यातला दिला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. दिला असता तर मला घेता आला असता की नाही, हेही सांगता येत नाही.

श्रावणात मुकादम दारात आला. मोटारसायकल उभी करून चप्पल न काढता ओट्यावर टेकला.

“कोयता लिहू का तुमचा?”

मालक म्हणाले, “दसऱ्याला बघू.”

“दसऱ्याला बघायला काय पोरगी बघायची का? जागा भरत्यात. लोक माझ्या मागं हायती.”

“पोरगी शाळंत घातलीय यंदा.”

“घाल की. मी काय न्हाई म्हणतो? तिकडं पण शाळा असती.”

तिकडची शाळा मी बघितलेली होती. मी आत जाऊन पोत्यात हात घातला आणि दाणे किती खोल आहेत ते बघितलं. त्या दिवसांत मी हे किती वेळा करायचे त्याला गणती नाही.

बाईमाणसानं मागं जेवणं आमच्यात नवं नाही. दोघांना वाढायचं, ‘तुमचं होऊ द्या’ म्हणायचं, आणि मागाहून परातीजवळ बसायचं. मागाहून कुणी बघत नाही. मी तीन भाकरी खायचे, त्या अकरा दिवसांचा आकडा ऐकल्यापासूनच दोन केल्या होत्या. पहिले आठ दिवस जड गेले, मग सवय झाली. उसात असताना यापेक्षा कमी खाल्लेलं होतं. मालकांना कळलं नाही. त्यांची चूक नाही, मी कळूच दिलं नाही.

गणपतीच्या दिवशी सकाळी नाना म्हणाले, “पोतं आण. सणाला काटा घेऊ.” मी आनंदानं नेलं. मला वाटलं, आज हे शाबासकी देणार. माणूस कधी कुणाला देत नव्हता, पण आज द्यावीच लागणार.

काटा तेहतीस किलोवर थांबला.

नानांनी पोतं उतरवलं, काट्याची पाटी पुसली, परत चढवलं. तेहतीस.

“ज्वारी उरली कशी?”

“वाचवली की नाना. तुमीच सांगितलं.”

“आज चौसष्टावा दिवस हाय. माझ्या हिशेबानं बावीस उराया पाहिजे व्हती. भाजीपाल्यानं, माडग्यानं चार वाचली धर. सव्वीस. काटा तेहतीस दावायलाय. सात किलो आली कुठून?”

मी पोत्याचं तोंड बांधायला लागले.

“बाई, एकतीस वर्षं काट्यावर बसलोय मी. कमी भरलं तर गळती आसती. ती सापडती. पण जास्त भरलं की चोरी आसती. बोल.”

त्यांच्या ज्वारीची कोठी आमच्या दोघांच्या मधल्या बोळात होती. तिला कुलूप नव्हतं. ते मला एकदम आठवलं. यांना वाटतंय मी यांच्या कोठीतून काढली. आता खोली जाणार. खोली गेली की कड्यातून जाणार, मुकादमाकडं जाणार, पोरगी जाणार.

“पोरीची आन घेते नाना. तुमच्या कोठीला मी हात लावला न्हाई. तुमची कोठी मोजा.”

“मोजली. बरोबर हाय.”

“मग?”

“मग मी माझ्या कोठीचं इचारलंय का? सात किलोला चौसष्टानं भाग. रोजची एक भाकरी हुती. तिघांतलं कोण रोजची एक भाकरी खायना, ते सांग.”

मी खाली बघत राहिले. मालक दारात आले होते. त्यांनी हे ऐकलं आणि तेही खाली बघायला लागले.

“काट्यावर चढ,” नाना म्हणाले.

मी चढले. एक्केचाळीस.

“सेहेचाळीस व्हती,” ते म्हणाले. कुठं लिहिलेलं नव्हतं, त्यांच्या लक्षात होतं. मग बराच वेळ ते काट्याची पाटी पुसत राहिले. पाटी पुसलेलीच होती. “ह्या घरात असं एकदा झालंय. मागाहून जेवणारं माणूस. म्या तवा तिकडं ड्युटीवर, दुनियेच्या ट्रॉल्या मोजायलो. घरचा काटा घेतला न्हाई.” एवढंच बोलले. त्यांच्या बायकोबद्दल त्यांनी त्याआधी किंवा नंतर माझ्याजवळ काहीही सांगितलं नाही.

मग त्यांनी आपला डबा आणला, आमच्या पोत्यातली सात किलो ज्वारी त्यात मोजून काढली आणि माझ्यापुढं सारली.

“ही पोत्यातली न्हाई. ही तुझ्या अंगावरची हाय. ही आधी तू खायची, तुझ्या तीन भाकरीच्या वर. ड्रायव्हर, तू बसून बघायचं.”

“मग परत कमी पडंल,” मी म्हणाले. मला रडू यायला लागलं होतं, आणि ते ज्वारीसाठी होतं. “सव्वीसात दसरा गाठत न्हाई नाना. पोरीची शाळा जाईल.”

“आठ दिवस कमी पडतंय. ठाऊक हाय मला.”

आणि ते आत निघून गेले. गणपतीचा दिवस, बाहेर ढोल वाजायला लागलेले, पोरगी मोदक कधी म्हणून विचारायला लागलेली, आणि मी ते सात किलो पुढ्यात घेऊन बसलेली. दिवसभर ते बाहेर आले नाहीत. आतून टाकी सरकवल्याचा आवाज दोनदा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. टाकी काट्यावर होती.

“माझी टाकी माझ्या एकट्यासाठी जेवढी उतरती, चौघांसाठी तिच्यापेक्षा जराशीच जास्त उतरंल. पातेलं तापायला गॅस जातो, डाळीला न्हाई. म्हंजे मी एकटा शिजवतो ही वजावट हाय. नऊ वर्षं वजावट खायलो. तुमी पावसाचं ओलं सरपण इकत घेताव, तुमचीबी वजावट. आजपासून चूल एक. शिजवायचं बाईनं, टाकी माझी. माझी ज्वारी मी माझ्यापुरती घालीन, वर एक दाणा न्हाई. तुमचे सरपणाचे पैसे वाचतेत त्याची ज्वारी घ्या. आठ दिवसाची निघती, वर दोन दिवस उरतेत.”

मालक म्हणाले, “नाना, उपकार...”

“उपकाराचं वजन हुईना मला. टाकीचं हुतंय. घ्यायची असंल तर बोल.”

शेजारीच त्यांचा धाकटा भाऊ राहायचा, जमीनजुमला राखून असलेला. नानांची बायको गेल्यावर त्यानं चार दिवस ताट पाठवलं होतं, नानांनी परत केलं होतं. दुसऱ्याच्या ताटात वजावट किती ते कळत नाही म्हणाले होते. त्या भावानं आमच्या ओट्यावर नानांना माझ्या हातची भाकरी खाताना बघितलं आणि कुंपणावरून बोलला.

“आता कोयतेवाल्याच्या हातचं खायलास का बे?”

नानांनी घास चावून गिळला, मग म्हणाले, “तीन खाल्ल्या. तुझ्या ताटात दोनच आसायच्या.”

“भावकीत तोंड दाखवायचं का न्हाई आमी?”

“दाव की. तोंडाला काय वजन हाय?”

भाऊ चार-सहा महिने बोलला नाही. नाना जेवताना मात्र रोज माझ्या ताटाकडं बघायचे. माझी तिसरी भाकरी संपेपर्यंत उठायचे नाहीत. मला घास जायचा नाही, कुणी बघत असलं की मला आजही जेवता येत नाही. पण मी खायचे. आणि त्यांना माझी आमटी आवडायला लागली होती, हे त्यांनी कबूल केलं नाही. ‘गॅस जास्त जातो पण ठीक हाय’ एवढंच. गोधडीतली आमटी तेवढी त्यांनी चालू ठेवली. मी फोडणी द्यायची, ते गुंडाळायचे.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी पोतं परत काट्यावर. चार किलो उरली होती. नानांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांनी विचारायच्या आधी चप्पल काढली आणि काट्यावर चढले. सव्वापंचेचाळीस.

“बरोबर हाय,” ते म्हणाले. “हितं चोरी न्हाई.”

दसऱ्यानंतर मुकादमाचे ट्रॅक्टर चौकात लागले. बायका डोक्यावर बोचकी घेऊन ट्रॉलीत चढत होत्या, त्यांत माझ्या ओळखीच्या दोघी होत्या. मी पोरीला शाळेत सोडून येत होते. एकीनं विचारलं, “येत न्हाईस व्हय?” मी नाही म्हणाले. मला त्यांच्या तोंडाकडं बघवलं नाही. घरी येऊन मी भाकरी थापल्या, चौघांच्या.

त्या घरात आम्ही पुढं सात वर्षं राहिलो. मग मालकांना इकडं कंपनीच्या गाडीवर जागा मिळाली, नानांना मुलानं पुण्याला नेलं. काटा फ्लॅटमध्ये न्यायला सून तयार नव्हती, तरी तो गेला. आता त्यांच्याकडं किराणा घरपोच येतो. ते आणून देणाऱ्याला दारात थांबवतात, डाळ पिशवीसकट मोजतात, मग पिशवी वेगळी मोजतात आणि कंपनीला फोन लावतात. सून आम्हाला फोनवर सांगते, “ताई, सोसायटीत आमचं नाव काटेवाले पडलंय.” ती तक्रार म्हणून सांगते. मी इकडं कँटीनच्या मागं उभी राहून हसते.

माझ्या मनात एक प्रश्न राहून गेलाय. गॅसचा तो हिशेब त्यांना आधी सुचला, की मला जेवू घालायचं ठरवून नंतर त्यांनी हिशेब बसवला? त्या दिवशी टाकी दोनदा सरकली होती. एकदा मी फोनवर धीर करून विचारलं. “टाकीचं वजन करून बघ,” म्हणाले.

पोरगी आता बीडला नर्सिंगला आहे. होस्टेलात राहते. आमच्या घराण्यात एवढं शिकलेलं कुणी नाही, आणि मी दर रविवारी फोन लावताना अजून घाबरते, काय ऐकू येईल म्हणून. गेल्या रविवारी तिचा आवाज खुशीतला होता.

“आई, या महिन्यात तू पैसे पाठवू नको. मेसचे उरलेत माझे.”

मी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

“उरले कसे?”

“वाचवले गं. तुम्ही तिकडं एवढं...”

“तसं न्हाई. कशातून वाचले? सकाळचं जेवण बंद केलंस का संध्याकाळचं?”

तिच्या मागं होस्टेलच्या बोळात कुणीतरी बादली सरकवत होतं.

“दवाखान्यात वजनकाटा आसंल ना तुमच्या?”

“आहे.”

“चढ आन फोटो पाठव.”

तासाभरानं फोटो आला. आकडा एकावन्न. बरा होता, जूनमध्ये इथून गेली तेव्हाएवढाच. मी सुटले, फोन ठेवायला लागले. मग परत उघडला आणि फोटो बोटांनी मोठा करून बघितला. पायात बूट होते. आणि कडेला, खांद्यावरून खाली आलेला सॅकचा पट्टा दिसत होता.

मी लगेच फोन लावला. तिनं उचलला.

“हा भरला काटा झाला टायरगाडी,” मी म्हणाले. “सॅक खाली ठिव, बूट काढ, आन रिकाम्याचा पाठव. मी थांबलीय.”